बाफले खाऊन टाकलेली ओव्हर

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या माणसाची गोलंदाजी एके काळी अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली होती, ही गोष्ट आम्हाला तो राहायला आल्यावर चार महिन्यांनी कळली. मल्हारगंजात चार महिने काही लपून राहतं, यावर इंदूरचं कुणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या गल्लीत या टोकाला कुणी शिंकलं, तर त्या टोकाला काढा उकळायला ठेवतात.

कळलं ते एका माकडामुळे. मी ओटल्यावर पेपर वाचत बसलो होतो. माकड आलं, माझा चश्मा उचलला आणि समोरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर जाऊन स्वतःच लावून बसलं. मी म्हणेन की पेपरही मागत होतं, पण ते सोडा. वरच्या गॅलरीत आमचे भाडेकरू बटाटे निवडत उभे होते. त्यांनी खाली पाहिलं, समोर पाहिलं आणि एक बटाटा फेकला. तो टाकीला माकडाच्या शेपटीशेजारी असा आदळला की देवळातली घंटा वाजल्यासारखा आवाज झाला. माकड उडालं, चश्मा घरंगळत पत्र्यावरून खाली आला आणि खालून जाणाऱ्या कापूसवाल्याच्या गठ्ठ्यावर अलगद पडला. मी थोडं वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. पण चश्मा अजून नाकावर आहे, कधीही या आणि बघा.

मी टाळ्या वाजवायला वर मान केली तर ते उजवा खांदा धरून उभे. आतून वहिनींचा आवाज आला, फक्त एक शब्द. "झालं?"

त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. बटाटा फेकणाऱ्या नवऱ्याला बायको असं कशाला विचारेल? मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी टेनिस बॉलच्या सामन्यांत माइकवर कॉमेंट्री करतो. दोन्ही धंदे दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे. संध्याकाळी वहिनी मेथी घेऊन ओटल्यावर आल्या, तेव्हा मीही एक जुडी ओढून निवडायला बसलो. जन्मात पहिल्यांदा मेथी निवडली. अर्धी देठं भाजीत गेली. पण गोष्ट पूर्ण हाती आली.

वरचे, म्हणजे आमचे हे भाडेकरू, मूळचे साताऱ्याकडचे. जलद गोलंदाज. राज्याच्या संघातून खेळता खेळता त्या मोठ्या, टीव्हीवरच्या लीगमध्ये निवड झाली. दोन मोसम. वहिनी सांगत होत्या की पहिल्या मोसमात त्यांच्या गावाकडे सामन्याच्या वेळी पिठाची गिरणी बंद ठेवायचे, विजेचा दाब कमी होऊन टीव्ही जाऊ नये म्हणून. दुसऱ्या मोसमात खांदा फाटला. ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा हात तोच होता, वेग मात्र गेला होता. मग काही सामने राखीव खेळाडूंत, मग पाण्याच्या बाटल्या, मग फोन येणं बंद. का काढलं ते कुणी सांगितलं नाही. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी होती, ती घेऊन बदलीच्या गावी जायचं. असं करत इंदूर.

"आणि डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, हळू टाका, म्हातारपणापर्यंत टाकाल. पण परत जोर लावला आणि ते शिवलेलं उसवलं, तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. केस विंचरायलासुद्धा." वहिनींनी मेथीचं पान माझ्या हातातून काढून घेतलं. "भाऊजी, हे गवत आहे."

आता खरं सांगायचं तर वरच्यांना खेळायला मी नेलं असं सारं इंदूर समजतं, आणि मीही नाही म्हणत नाही. पण झालं उलटंच. एका रविवारी मी माइकची वायर गुंडाळत होतो, तर ते जिना उतरून आले आणि विचारू लागले की दादा, तुमची ती टेनिस बॉलवाली लीग, तीत कुणालाही खेळता येतं का.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. आमची लीग म्हणजे काय, ते ऐका. कुठल्याही बोर्डाच्या कागदावर ती नाही. संघांचे मालक व्यापारी; आमच्या मल्हारगंजच्या संघाचे शेठजी शेव-पापडीवाले. सामनावीराला मिक्सर नाही तर कुकर. सीमारेषा चुन्याची, ती अर्धी गाई चाटून जातात. आणि मिडविकेटला एक म्हैस कायम बसलेली असते, तिला लागलं तर दोन धावा, असा आमच्या मैदानाचा नियम. ज्याने दिव्यांच्या झगझगाटात, गवताच्या गालिच्यावर गोलंदाजी केली, त्याला इथे काय हवं होतं? मी विचारलं. ते म्हणाले, "बघू या." एवढंच. साताऱ्याची माणसं शब्द सोन्याच्या काट्यावर तोलून देतात. इंदुरात आम्ही पोत्याने देतो.

वहिनींनी परवानगी दिली, पण अट घातली. एक मोसम, आणि हळू टाकायचं. वरच्यांनी मान डोलवली. मी साक्षीदार.

पहिल्या सामन्यात शेठजींनी त्यांच्या हातात नवा चेंडू दिला आणि सारं मैदान श्वास रोखून बसलं. वरच्यांनी काय केलं? चेंडू घेतला, थुंकी लावली आणि पॅन्टवर घासायला लागले. टेनिसचा चेंडू! ज्याच्यावर आधीच केस असतात! लेदरच्या चेंडूची एक बाजू चकचकीत ठेवायची, म्हणजे तो हवेत वळतो. आयुष्यभराची सवय हाताला. घासून घासून त्यांनी पॅन्टवर पिवळी लव चिकटवली. स्लिपमधला आमचा कापडवाला हळूच म्हणाला, "भिया, ये चमकेगा नहीं, ये तो टकला होगा." मैदान असं हसलं की म्हैस उठून उभी राहिली. वरचेही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. एका बाजूचा दात किंचित तुटलेला होता.

पण दोन सामन्यांत त्यांनी त्या पोरकट चेंडूची चाल ओळखली. तो वळत नाही, पण उसळतो. आणि उसळवायचा तर जोर लागतो. इथेच घोटाळा.

यात माझ्या जिभेचाही हात होता, म्हणजे असं वहिनी म्हणतात. आमच्याकडे वेग मोजायचं यंत्र नाही; वेग मी मनातून सांगतो. वरचे पळत आले की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "एकशे पैंतालीस! भिया, बॉल दिखा किसी को? मेरे को तो सिर्फ हवा दिखी!" तिकडे लोक शिट्ट्या मारायचे आणि इकडे वरच्यांचा रन-अप दर ओव्हरला दोन पावलांनी लांबायचा. आधी पिचच्या मागच्या दगडापासून, मग रसवंतीपासून, मग रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यापासून. तिथून पळत येताना मध्ये ट्रॅफिकसाठी थांबायचे, अशी अफवा मीच उठवली.

वहिनी माइकच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. त्या चेंडू कुठे गेला ते बघतच नसत. टाकून झाल्यावर हात कसा खाली येतो, ते बघत. तिसऱ्या सामन्यात त्यांनी माझा माइक हाताने झाकला.

"भाऊजी, किलोमीटर कमी करा."

"वहिनी, पब्लिक—"

"पब्लिकला काय, पब्लिक घरी जाऊन जेवेल. यांना शर्ट मी घालून देते."

तेव्हापासून मी एकशे दहाच्या वर गेलो नाही. एक षटकार तर मी मुद्दाम 'हळुवार चेंडूवर' म्हणून वर्णन केला. पण पुलाखालून पाणी आधीच वाहून गेलं होतं. सेमीफायनलला वरच्यांनी पूर्ण जोर लावून टाकलं, आम्ही जिंकलो, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. लोक नाचत होते आणि मी बघत होतो की वरचे नमस्काराला फक्त डावा हात वर करतायत. उजवा खाली लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

घरी आल्यावर ते दोघं जिना चढून गेले, तेव्हा मला वाटलं, आता वरून भांडण ऐकू येईल. मी खिडकीशी कान लावून बसलो. शेजारधर्म आहे तो. काहीच नाही. फक्त कुकरची शिट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी नवी साडी नेसून शेठजींच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या. हळदीकुंकवाचा महिना नव्हता, हे माझ्या लक्षात आलं; पण म्हटलं, नसेल साताऱ्याकडे महिन्याची अट.

फायनल आमची आणि सियागंजवाल्यांची. आमच्या लीगची रीत अशी की फायनल झाली की दोन्ही संघांना एकत्र दाल-बाफल्याचं जेवण. शेठजी लोकच आळीपाळीने घालतात. हरलेला रुसून गेला तरी जेवून जातो. त्या वर्षी मात्र दोन दिवस आधी निरोप फिरला की बक्षीस देणारे पाहुणे उशिरा येणार, सामना चार वाजता, तेव्हा जेवण आधी. शेठजींच्या घरचीच पंगत होती, कुणाला वावगं वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं. पण दाल-बाफले म्हटल्यावर माझी बुद्धी रजेवर जाते.

ज्यांनी बाफला खाल्ला नसेल त्यांनी समजून घ्यावं. कणकेचा मुठीएवढा गोळा, आधी पाण्यात उकडलेला, मग निखाऱ्यावर भाजलेला, मग तुपात बुडवून ठेवलेला. दोन खाल्ले की माणूस मागे टेकतो. तीन खाल्ले की त्याला वारस आठवतात. आणि माळव्यात वाढताना मनुहार करतात. म्हणजे वाढणारा तुमच्या ताटापुढे उभा राहून, शपथा घालून, हाताने तोंडात घास देऊन वाढतो. आणि न घेणं म्हणजे त्या घरावर रुसणं. इथला माणूस लहानपणापासून त्यातून सुटायच्या युक्त्या शिकतो. सियागंजचा कप्तान दोन्ही हातांनी ताट झाकून वर आडवा झाला होता. त्यांचा विकेटकीपर आजारी मावशीचा फोन आल्याचं सांगून उठला आणि मावशी बरी होईपर्यंत अंगणात फिरत राहिला. आमच्या कापडवाल्याने एक बाफला खिशात घातला. तुपाचा डाग त्याच्या जर्सीवर अजून आहे, नंबरापेक्षा ठळक.

आणि वरचे? साताऱ्याचा सरळ माणूस. "पुरे, पुरे" म्हणत मांडी घालून, ताट उघडं ठेवून बसले होते. उघडं ताट म्हणजे माळव्यात उघडं दार. शेठाणी आल्या, शपथ घालून म्हणाल्या, "म्हारी सौगन." एक बाफला. त्यांची सून आली, दुसरा. मग पंगतीत वाढायला कोण आलं, तर पदर खोचून आमच्या वहिनी. इथे आल्यापासून त्या मनुहार अशी शिकल्या होत्या की इथल्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. तिसरा बाफला त्यांनी स्वतः फोडला, त्यावर वाटीभर तूप ओतलं. चौथ्याला म्हणाल्या, "माझ्या हातचं एक." पाचव्याला काहीच म्हणाल्या नाहीत, नुसता ठेवला. वरच्यांनी ताटाकडे पाहिलं, मग खाली मान घालून तोही संपवला. शेवटी लाडू.

उठताना त्यांना दोघांनी हात दिला.

त्या फायनलसारखा सामना पृथ्वीवर परत होणार नाही. बावीस माणसं तुपाने भरलेली. एका फलंदाजाने धाव घेतली, अर्ध्या वाटेत थांबला, विचार केला आणि परत गेला. थर्ड मॅनला उभा असलेला आमचा माणूस डोळे उघडे ठेवून झोपला होता. चेंडू त्याच्या पायाला लागून थांबला आणि मी त्याचं 'अप्रतिम क्षेत्ररक्षण' म्हणून कौतुक केलं. म्हैस मात्र त्या दिवशी सर्वांत चपळ होती.

शेवटची ओव्हर वरच्यांकडे आली. सियागंजला अकरा धावा हव्या होत्या आणि समोर त्यांचा दोरखंडवाला, ज्याच्या एकेका दंडात माझ्या दोन मांड्या मावतील. वहिनी खुर्चीच्या काठावर आल्या. हातातला रुमाल पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती.

वरचे रन-अप मोजायला मागे वळले. रसवंतीकडे निघाले, दोन पावलं गेले, थांबले, पोटावर हात ठेवला आणि परत आले. अंपायरच्या शेजारून, जेमतेम चार पावलांवरून धावले. धावले म्हणजे, चालले. चेंडू हातातून असा सुटला की मला वाटलं चुकून पडला. दोरखंडवाल्याची बॅट पूर्ण फिरून, त्याच्या मानेभोवती वेढा घालून, परत खाली आली, तेव्हा कुठे चेंडू पोचला. लोक ओरडले, "भिया, सो गए क्या?" मी माइकवर म्हणालो, "साठ की रफ्तार," आणि ते मी वाढवूनच सांगत होतो.

दुसऱ्या चेंडूवर त्याने वाट पाहिली आणि चौकार मारला. तिसऱ्यावर एक धाव, ती धावायला त्याला इतका वेळ लागला की त्या अवधीत आमचा क्षेत्ररक्षक चेंडू शोधून, पुसून परत घेऊन आला. चौथ्यावर समोर आलेला दुसरा फलंदाज घाईत झेल देऊन गेला. झेल घेणारा म्हणाला की त्याला पळावं लागलं नाही, हीच देवाची कृपा. झेल हवेत असताना दोघांनी टोकं बदलली होती, म्हणून दोरखंडवाला पुन्हा समोर. पाचव्यावर दोन, म्हशीच्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या.

तेव्हा वरच्यांनी ते केलं. सरळ चालत निघाले. दगड गेला, रसवंती गेली, रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याच्या टायरापाशी जाऊन उभे राहिले. सारं मैदान उठलं. हे सेमीफायनलचं अंतर होतं. इथून ते जोर लावूनच टाकत. दोरखंडवाल्याने पाय रोवले, बॅट लवकर उचलून धरली. माझ्या तोंडात एकशे पन्नास आलं होतं. शेजारून वहिनी अगदी सावकाश म्हणाल्या, "अहो, नको." मला नाही, त्यांना. त्यांच्यात दीडशे पावलांचं अंतर असेल. मी माइक टेबलावर उलटा ठेवला. माझ्या आयुष्यात मी चालू सामन्यात गप्प बसलो, ते तेवढंच.

ते पळत आले. पूर्ण, टीव्हीवर यायचे तसे, धूळ उडवत, मान ताठ. दोरखंडवाला आधीच बॅट फिरवू लागला. आणि वरच्यांनी हात फिरवला तो झोळीतल्या बाळाला झोका द्यावा तसा. चेंडू वर गेला, तिथे जरा टेकला, आजूबाजूला पाहून उतरला. बॅट केव्हाच फिरून गेली होती. टप्पा पडला, मग दुसरा टप्पा पडणार इतक्यात चेंडू मधल्या स्टंपाला शिवला. बेल पडावी की नाही याचा विचार करत राहिली आणि मग पडली.

मैदानात काय झालं ते सांगत नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, वाढवतोय. मी वरच्यांकडे पाहिलं. दोन्ही हात वर होते.

त्या दिवसापासून इंदूरला एकच उत्तर माहीत आहे. चहाच्या टपरीवर, राजवाड्यावर, जो भेटेल तो विचारी, भिया, एवढे स्पीडवाले तुम्ही, फायनलला हळू का टाकलं? वरचे पोटावर हात ठेवत. "पाच बाफले." समोरचा लगेच समजून मान डोलवी. पाच बाफले खाऊन माणूस उभा राहिला, हेच इथे सामनावीराच्या कुकरपेक्षा मोठं मानतात.

माझं मात्र समाधान होईना. शेठजींच्या घरी विम्याचा हप्ता न्यायला गेलो, तेव्हा शेठाणी गमतीने म्हणाल्या की जेवण सामन्याआधी ठेवा, असं तुमच्या वरच्या वहिनी हळदीकुंकवाला येऊन हात जोडून सांगून गेल्या. पाहुण्यांचं उशिरा येणं वगैरे सारी बनावट. मी तिथून घरापर्यंत पळत आलो. वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. वरचे गॅसपाशी उभे राहून चहा करत होते.

मी दारातूनच सगळं ओतलं. ते ऐकत राहिले आणि वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला. उजव्या हाताने.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या बाफल्याला कळलं. वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती."

"मग ताट झाकायचं की भिया. चौथा, पाचवा कशाला?"

त्यांनी चहा गाळला, अर्धा माझ्या बशीत ओतला. मला वाटलं, आता 'बघू या' म्हणतील. पण त्या दिवशी साताऱ्याचा काटा थोडा सैल झाला होता.

"तिकडे मी हळू टाकायला लागलो, तेव्हा सगळे विचारायचे, वेग कुठे गेला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खांदा म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी बाहेर. म्हणून जोर लावत राहिलो. इथेही तेच होणार होतं, दादा. तिनं मला उत्तर वाढलं. ते कसं नको म्हणू?"

मी चहा प्यायलो. पहिल्यांदाच कळलं की या माणसाला आमच्या चुन्याच्या मैदानावर काय हवं होतं. हळू टाकायचं होतं, आणि कुणी का म्हणून विचारायला नको होतं.

"पुढच्या मोसमाचं काय?" मी म्हटलं. "दरवेळी बाफले चालतील?"

"रन-अप लांबच ठेवतो," ते म्हणाले. "टायरापासून. तेवढ्यानंच घाबरतात." मग जिन्यावर पिशवीचा आणि चपलांचा आवाज आला तसे आवाज उतरवून म्हणाले, "तिला सांगू नका मला ठाऊक आहे म्हणून. फार खूश आहे ती."

वहिनी आत आल्या. पिशवी ठेवली, आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही," वरचे म्हणाले. "दादा म्हणतायत, पोट अजून जड आहे."

"मग रात्री खिचडी टाकते," वहिनी म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्यापासून दूर सरकवून ठेवली.